माळ्यावरची दफ्तरे आणि गावचा इतिहास

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि आम्हा सीमावासीयांनाही त्याचा मनापासून आनंद झाला. त्यानंतरच्या आमच्या इतिहास समितीच्या बैठकीत मात्र एका सभासदाने सरळ प्रश्न टाकला. भाषा जुनी आहे हे शिलालेखांनी, ताम्रपटांनी आणि पोथ्यांनी ठरले. मग आपल्या गावात जे जुने लेखन उरले आहे त्याचे आपण काय केले? उत्तर सर्वांनाच ठाऊक होते. काही माळ्यावर कसर खात आहे, आणि बरेचसे जुनी कौलारू घरे पाडून स्लॅबची घरे बांधताना रद्दीवाल्याच्या तराजूत गेले.

आमची समिती म्हणजे काही मोठी संस्था नव्हे. चार शिक्षक, एक निवृत्त पोस्टमन, दोन शेतकरी आणि मोबाईलवर चांगले फोटो काढणारी तीन-चार मुले, एवढाच संसार. कार्यालय नाही, रविवारी शाळेच्या व्हरांड्यात बसतो. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून दफ्तरे गोळा करीत. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले ते त्याच ध्यासातून. आमची झेप तेवढी नाही हे आम्ही जाणतो. पण पुण्याचे मंडळ आमच्या गावच्या कुलकर्ण्याचा माळा तपासायला येणार नाही, हेही तितकेच खरे.

सीमाभागातील गावाचा इतिहास शोधायचा तर पहिली अडचण ही की कागद कोठे आहेत हेच कळत नाही. पन्नास वर्षांच्या आत येथे राज्ये किती वेळा बदलली ते पाहा. बेळगाव जिल्हा इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यात होता, परंतु शेजारची गावे सांगली, कुरुंदवाड, कोल्हापूर अशा संस्थानांत विखुरलेली. बेळगाव शहराला लागून असलेले शहापूरच सांगली संस्थानात होते! दक्षिणेतील संस्थाने ८ मार्च १९४८ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाली, कोल्हापूर त्यानंतर वर्षाने, १ मार्च १९४९ रोजी. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, चंदगड तालुका तेवढा मागे राहून कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला. म्हणून आम्ही कोणत्याही गावी गेलो की आधी एकच विचारतो: १९४८ पूर्वी गाव कोणाच्या मुलखात होते? त्या उत्तरावरून कागद बेळगावला शोधायचे की कोल्हापूरला की पुण्याच्या पेशवे दफ्तरात, याचा अंदाज बांधता येतो. एका ओढ्याच्या दोन काठांवरील दोन वाड्यांची दफ्तरे दोन राज्यांत, असेही आमच्याकडे असू शकते.

सरकारी दफ्तराचे एक बरे असते, ते निदान मोजून ठेवलेले असते. घरच्या कागदांचे तसे नाही. पेटी उघडा म्हटले की घरातले लोक एकमेकांकडे पाहू लागतात. इनाम, वतन, वाटणीपत्र, गहाणखत असे काही निघाले आणि त्यावरून भाऊबंदकी उभी राहिली तर? ही भीती आम्ही हसण्यावारी नेत नाही; जमिनीच्या खटल्यांत दोन पिढ्या खपलेली घरे आम्ही पाहिली आहेत. म्हणून समितीने सुरुवातीलाच नियम करून टाकला की मूळ कागद कोणाच्याही घराबाहेर न्यायचा नाही. घरच्यांच्या समोर, त्यांच्याच ओसरीवर रुमाल सोडायचा, फोटो घ्यायचे, जसा होता तसा बांधून परत द्यायचा आणि फोटोंची एक प्रत त्याच घरी ठेवायची. कोणाला एखादा कागद दाखवायचा नसेल तर तो पाहायचा नाही. या रीतीने काम सावकाश होते, पण दार पुन्हा उघडते.

कागद हाती आला तरी वाचणार कोण? जवळजवळ सारे मोडीत. आमच्या आजोबांच्या पिढीला मोडी शाळेत होती. स्वातंत्र्यानंतर ती शाळेतून गेली आणि दोन पिढ्यांत घरच्याच कागदाला आम्ही परके झालो. मोडीत आधी पानभर रेघ ओढून घ्यायची आणि मग बोरू शक्यतो न उचलता खाली अक्षरे जोडीत जायचे. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्द तोडलेले नाहीत, विरामचिन्हे नाहीत. सुट्टीतल्या वर्गात मुले पंधरा दिवसांत अक्षरे ओळखू लागतात, प्रत्यक्ष पत्र वाचायला मात्र कित्येक महिने लागतात. कारकुनाच्या हाताची सवय व्हावी लागते.

आणि तारखा! पेशवाईतल्या कागदावर शुहूर सन अरबी शब्दांत लिहिलेला असतो. मुलांना आम्ही फळ्यावर एक उदाहरण हमखास घालतो. ‘सन इहिदे सितैन मया व अलफ’. इहिदे म्हणजे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. बेरीज ११६१. त्यात ५९९ मिळविले की इसवी सन १७६० येतो, आणि शुहूर वर्ष मृगापासून सुरू होत असल्याने ते १७६१ च्या मृगापर्यंत चालते. एवढे झाल्यावर कोणीतरी मूल ओरडतेच, ‘सर, पानिपत!’ पाठ्यपुस्तकातली १४ जानेवारी १७६१ ही तारीख त्या दिवशी त्यांच्या हिशेबातून निघते. आम्ही बी.एड्. ला असताना ज्ञाताकडून अज्ञाताकडे हे सूत्र पाठ केले होते. त्याचा खरा अर्थ आम्हाला या वर्गात कळला.

आता एका अवघड विषयाकडे येतो. गावच्या इतिहासाचे काम हाती घेतले की आमच्या भागात दगडांशी गाठ पडतेच. देवळाच्या आवारात वीरगळ असतात. खालच्या पट्टीत लढाई, मधल्या पट्टीत वीराला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि शेंड्याला चंद्र-सूर्य. कोपरात वाकवलेला, बांगड्या भरलेला हात दिसला की ती सतीशिळा. हे लोकांना सांगितले की बरे वाटते. पण शेजारीच एखादी अक्षरांची शिळा असते आणि ती बहुधा जुन्या कानडीत निघते. येथे काही मंडळींचा चेहरा पडतो. ‘सर, हे छापू नका, उद्या हेच आपल्यावर उलटवतील,’ असे आम्हाला एकदा नव्हे, अनेकदा ऐकावे लागले आहे.

आमचे म्हणणे स्पष्ट आहे. खानापूर तालुक्यातील हलशी ही कदंबांची पलाशिका. तेथील ताम्रपट संस्कृतात आहेत. देगावचे कमलनारायण मंदिर बाराव्या शतकात गोव्याच्या कदंबांची राणी कमलादेवी हिने बांधविले. बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती रट्टांच्या काळातली, आणि रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या वेळचे, १२०४ सालच्या दानाचे दोन कानडी शिलालेख आज लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयात आहेत. हे सारे आमच्या मातीतले आहे, ते आमच्या मुलांनी का शिकू नये? तिकडे श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी कानडी आणि तमिळ लेखांच्या बरोबरीने मराठी ओळीही कोरलेल्या आहेत. म्हणून श्रवणबेळगोळ आमचे, असे आम्ही म्हणतो का? सीमाप्रश्नात महाराष्ट्राने खेडे हा घटक, भाषिक बहुसंख्या, भौगोलिक सलगता आणि लोकेच्छा ही सूत्रे धरली. २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. ही सूत्रे आज गावात राहणाऱ्या माणसांविषयी आहेत. आठशे वर्षांपूर्वीच्या दानपत्रात गावाचा कर कोणत्या भाषेत लिहिला यावर आमची बाजू उभी नाही, म्हणून त्या दगडाने ती पडतही नाही. दगड लपविणाराच आपल्या बाजूविषयी शंका दाखवितो.

शिळा वाचायला आम्ही शेजारच्या कानडी शाळेतील गुरुजींना बोलावले. हळेगन्नड त्यांना येत होते. ते पीठ आणि पाण्याची बादली घेऊन आले, शिळा धुतली, अक्षरांच्या खाचांत पीठ भरले आणि उन्हाच्या तिरप्या वेळी दोन तास वाचत बसले. आम्ही त्यांना त्यांच्या शाळेतील मोडी कागद वाचून दिले. व्यवहार रोख झाला! गावातल्या शेतांची नावे गोळा करताना मुलांनाही हेच दिसले. मळा, माळ, पट्टी यांच्या शेजारी एखादे ‘होल’, तळ्याला ‘केरे’, मुरमाड जागेला ‘मड्डी’. मराठी घरातली आजी ही नावे सहज घेते आणि तिला त्यात काही वावगे वाटत नाही.

दगडांना खरा धोका निराळाच आहे. देवळाचा जीर्णोद्धार निघतो, उत्साही तरुण वीरगळांना ऑईलपेंट फासतात, नाही तर पायरीत बसवतात. अक्षरे उलटी करून सिमेंटमध्ये गाडलेली शिळा कोणत्याही भाषेची राहत नाही. याबाबतीत आम्ही जत्रा कमिट्यांशी वाद घातला आहे आणि पुढेही घालू.

कागद आणि दगड निदान वाट पाहू शकतात, माणसे नाहीत. १७ जानेवारी १९५६ चा बेळगावचा गोळीबार ज्यांनी जाणत्या वयात पाहिला ते आज नव्वदीच्या घरात आहेत. जून १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनातले तरुण आता आजोबा झाले. त्यांना तारीख विचारली तर सांगता येत नाही, पण बहात्तरच्या दुष्काळाच्या आधी की नंतर, असे विचारले की लगेच उत्तर मिळते. त्यांचे आजोबा असेच प्लेग आणि मानमोडीच्या साली धरून बोलत. बायकांकडे तर आम्ही फार उशिरा वळलो असे आमच्या समितीतल्या बाईंचे मत आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्रात जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. सीमाभागात जाते फिरविलेल्या बायका अजून थोड्याबहुत आहेत. पाटील-कुलकर्ण्यांच्या पेट्यांत ज्यांची नावे नाहीत त्यांचा इतिहास त्यांच्या ओठांवरच आहे. या उन्हाळी सुट्टीत आठवी-नववीच्या मुलींना आम्ही याच कामाला लावणार आहोत, आणि प्रत्येकीने सुरुवात स्वतःच्या आजीपासून करायची आहे.

वाचकांकडे मागणे थोडे आहे. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर रुमाल सापडला तर तो उन्हात वाळत घालू नका. फाटलेल्या कागदाला चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. धूळ मऊ ब्रशने झाडा, रंग न जाणाऱ्या जुन्या सुती धोतराच्या तुकड्यात बांधा, वर घराण्याचे नाव आणि कोठे सापडला ते पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी ठेवा, आणि जवळच्या मराठी शाळेतील गुरुजींना निरोप द्या.