शंभूराज देसाई : पाटण ते सीमाप्रश्न
माजी गृहमंत्री बाळासाहेब देसाई यांचे नातू. आजोबांच्या नावाचा दौलतनगरचा साखर कारखाना कोवळ्या वयातच हाती आला. २००४ मध्ये पाटणमधून शिवसेनेचे आमदार. २००९ मध्ये विक्रमसिंह पाटणकरांनी त्यांना पाडले, तेही सहाशेहून कमी मतांनी. कोयनाकाठच्या या डोंगरी तालुक्यात एवढी मते म्हणजे दोन-तीन वाड्या! २०१४ ला जागा परत मिळवली, पुढे दोनदा राखली. २०२२ मध्ये शिंदे गटात जाऊन कॅबिनेट मंत्री झाले. त्याच वर्षी चंद्रकांत पाटलांसोबत महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नाचे समन्वयक मंत्रीही. बेळगावच्या मराठी माणसाची बाजू मांडण्याचे हे काम कुठल्याही खात्यापेक्षा मोलाचे. मात्र डिसेंबर २०२२ चा ठरलेला बेळगाव दौरा कर्नाटकच्या विरोधामुळे अडकला, तो झालाच नाही.