पोरांच्या टोळ्या आणि गावाची हद्द

'सैराट' हा चित्रपट क्रिकेटच्या सामन्याने सुरू होतो. माईकवरून जोरात समालोचन चाललेलं असतं, परश्या बॅट फिरवत असतो आणि गावची पोरं ओरडत असतात. चौकार मारणाऱ्याला त्या घटकेला कुणी आडनाव विचारत नाही. मंच मात्र गावचे पुढारी तात्या पाटलांचा असतो. मैदान सगळ्यांचं आणि मंच एकाचा, या मांडणीतच पुढच्या सगळ्या गोष्टीचं बी आहे. किशोरवयीन मुलांच्या दोन गटांतली चुरस सांगणाऱ्या कथा आतून कशा चालतात हे बघायचं तर सोलापूर जिल्ह्यातल्या वाचकाला लांब जावं लागत नाही. 'सैराट'चे दिग्दर्शक नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, 'अक्करमाशी' लिहिणारे शरणकुमार लिंबाळे अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरचे.

जगभर या प्रकाराचा दाखला म्हणून ज्या पुस्तकाचं नाव घेतात, ते १९६७ साली अमेरिकेत निघालं : 'द आउटसायडर्स'. लेखिका एस. ई. हिंटन. लिहायला घेतलं तेव्हा ती पंधरा वर्षांची शाळकरी मुलगी होती, पुस्तक छापून आलं तेव्हा अठरा. मुलीने लिहिलेलं टोळ्यांचं पुस्तक कोण मनावर घेणार, या शंकेने मुखपृष्ठावर नुसती आद्याक्षरं छापली. ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात तिच्या डोळ्यांसमोर जे चाललं होतं त्यातून ही गोष्ट आली. पूर्वेकडच्या गरीब वस्तीतले, केसांना तेल चोपडणारे 'ग्रीझर' आणि पश्चिमेकडचे मोटारवाले 'सोश'. सोलापूरकराला ही दिशा लगेच कळेल. आपल्याकडेही 'पूर्व भाग' म्हटलं की यंत्रमागाचा खडखडाट, विडी वळणाऱ्या बायका आणि तेलुगू बोलणारी पद्मशाली घरं समोर येतात.

अशा कथेत पहिलं काम असतं हद्द आखायचं, आणि ती उपदेश करून आखता येत नाही. वाचकाला ती पायाखाली लागावी लागते. 'सैराट'मध्ये विहिरीत उतरलेल्या परश्याला तात्या पाटलांची मुलगी अर्ची बाहेर निघायला सांगते आणि तो तिच्याकडे बघत बघत पायऱ्या चढतो. प्रेमाचा प्रसंग आहे, पण पाण्यात कुणी राहायचं आणि कुणी निघायचं हे कोण ठरवतं, तेही त्यातच कळतं. मंजुळ्यांच्याच 'झुंड'मध्ये तर हद्द उघडीच आहे : एका बाजूला झोपडपट्टी, पलीकडे कॉलेजचं हिरवं मैदान आणि मधे भिंत.

हद्दीनंतर खूण. हिंटनच्या पोरांची खूण केसांत आहे. पळून गेल्यावर गोष्ट सांगणाऱ्या पोनीबॉयला केस कापून रंग उतरवावा लागतो, तेव्हा आपलं असणंच कुणी काढून नेल्यासारखं त्याला वाटतं. इथे आपली गोष्ट त्यांच्या गोष्टीपासून वेगळी होते, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा फरक हाच. ग्रीझरची खूण निदान कात्रीने जाते. जब्याची जात नाही. मंजुळ्यांच्या 'फँड्री'तला हा कैकाडी मुलगा वर्गातल्या शालूसाठी जीन्सची स्वप्नं बघतो, काळी चिमणी शोधत फिरतो, पण गावात डुक्कर धरायची वेळ आली की सगळ्या शाळेसमोर त्यालाच धावावं लागतं. वर्गातली पोरं कडेला उभी राहून हसतात. वर्गभेदाची परकी कथा मराठीत जशीच्या तशी आणली तर ती पोकळ वाटते, कारण पैसा आला तरी आपल्याकडची हद्द पुसली जात नाही.

मग पोरं टोळीत का जातात? भांडायची हौस म्हणून, असं मोठ्यांना वाटतं. चांगला लेखक आधी आपलेपणाची भूक दाखवतो. सोलापुरातल्या कुठल्याही चौकात वाढदिवसाचा फ्लेक्स बघा. मधे गॉगल लावलेले 'भाऊ', भोवती पासपोर्ट फोटोएवढे पंचवीस-तीस चेहरे, खाली 'शुभेच्छुक' आणि ग्रुपचं नाव. त्यातल्या कित्येकांना मिसरूडही फुटलेलं नसतं. ज्याचं नाव शाळेच्या फळ्यावर फक्त गैरहजरांच्या यादीत येतं, त्याचा चेहरा इथे भर चौकात झळकतो. वरच्या ओळीतला फोटो खाली गेला तर रुसवे होतात, कधी राडाही होतो. या रुसव्याला न हसता तो समजून घेणं हे या प्रकारच्या लेखनातलं अर्धं काम आहे. परश्याचे दोस्त बघा : एक मुसलमान, एक पायाने अधू. गावाने ज्यांना कडेला ठेवलं तेच एकमेकांसाठी मार खातात.

कथेतला कठीण भाग यानंतर येतो. दोन टोळ्या समोरासमोर आल्या की वाचकाला ती बरोबरीची लढत वाटते, आणि ही बरोबरी खोटी आहे हे उघडं पाडायचं असतं. 'सैराट'मध्ये अर्चीचा भाऊ प्रिन्स भर वर्गात लोखंडे सरांच्या थोबाडीत मारतो, त्याला काही होत नाही. उलट हे कॉलेज कुणाचं, ते सरांनाच शिकवलं जातं. अर्ची परश्याबरोबर पळून जाते, तेव्हा परश्या आणि त्याचे मित्र मात्र पोलीस ठाण्यात जातात आणि त्यांच्यावर सामूहिक बलात्काराचा खोटा गुन्हा लादला जातो. तक्रारीचा कागद अर्चीच फाडते म्हणून ते सुटतात. एकाने केली तर मस्ती, दुसऱ्याने केला तर गुन्हा. पोरांच्या मुठीमागे मोठ्यांची जमीन, कारखाना, ओळखी उभ्या असतात, आणि त्या पडद्यावर आल्या की भांडण पोरांचं राहत नाही.

सोलापूरला हे नवं नाही. १८७१ च्या इंग्रजी कायद्याने कित्येक जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं आणि या शहरात त्यांच्यासाठी तारेच्या कुंपणाची वसाहत झाली. तिथे हजेरी लागायची. स्वातंत्र्यानंतर, १९५२ मध्ये कायदा गेला, पण 'सेटलमेंट' हे नाव शहराच्या तोंडी राहिलं. तिथल्या पोराने काही करायच्या आधीच त्याची 'टोळी' ठरलेली असे. अशा पोराची गोष्ट सांगणाऱ्या लेखकाला हे आधीच लागलेलं लेबल दाखवावंच लागतं.

आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे फार कमी जण वळतात. खरी मारामारी बहुतेक वेळा गरिबांची श्रीमंतांशी होत नाही, शेजारच्या गल्लीशी होते. 'झुंड'मधल्या डॉनचं वैर संभ्या नावाच्या पोराशी आहे, आणि परदेशी खेळायला जायची वेळ येते तेव्हा त्या भांडणाची पोलीस केसच त्याच्या पासपोर्टच्या आड येते. भिंतीपलीकडचे लोक त्यात कुठे दिसतही नाहीत. हे लिहिणं अवघड, कारण त्यात खलनायक हाती लागत नाही. मंजुळ्यांच्या निवडीत मला याचं उत्तर दिसतं. 'फँड्री'त जब्याचा जिवलग पिऱ्या झालेला सूरज पवार 'सैराट'मध्ये प्रिन्स झाला, आणि परश्या झालेला आकाश ठोसर 'झुंड'मध्ये संभ्या झाला. चेहरा तोच, भांडणातली बाजू बदलली. पोरं मुळात वेगळी नसतात, हे वाक्यात न सांगता त्यांनी पडद्यावर दाखवलं.

शेवटी प्रश्न उरतो, गोष्ट सांगणार कोण. पोनीबॉयला इंग्रजीच्या तासाला निबंध द्यायचा असतो. तो लिहायला बसतो, आणि आपण वाचलेलं पुस्तक म्हणजेच तो निबंध, हे शेवटच्या पानावर कळतं. 'अक्करमाशी'तही निबंध आहे. शाळेची सहल जाते, सवर्ण मुलं एका झाडाखाली जेवतात, महारांची मुलं दुसऱ्या झाडाखाली. उरलेलं अन्न गोळा करून या मुलांना दिलं जातं. दुसऱ्या दिवशी गुरुजी सांगतात, सहलीवर निबंध लिहा. त्या मुलाने काय लिहायचं? पोनीबॉयच्या मास्तरांना गोष्ट ऐकायची होती. इथे शाळेला हवा होता ठरलेला निबंध : निसर्गरम्य ठिकाण, गप्पा, गाणी. खरी सहल १९८४ साली पुस्तकात आली, तोवर तो मुलगा तिशीच्या उंबरठ्यावर होता.

मराठीत हे लेखन आत्मकथनांत भरभरून आहे. करमाळा तालुक्यातच जन्मलेल्या किशोर शांताबाई काळे यांचं 'कोल्हाट्याचं पोर' १९९४ मध्ये आलं. पण ही पुस्तकं मोठेपणी मागे वळून, मोठ्यांसाठी लिहिलेली. कुमारांच्या कपाटात फास्टर फेणे आहे आणि तो मलाही प्रिय आहे, पण तो चोरांशी लढतो, वर्गातल्या बाकांच्या रांगांशी नाही. मिलिंद बोकिलांच्या 'शाळा'त नववीतली पोरं, आणीबाणी आणि पहिलं प्रेम आहे, तिथून ही वाट आणखी पुढे न्यायला हवी. पूर्व भागात यंत्रमागाच्या आवाजात दहावीचा अभ्यास करणाऱ्या, घरी तेलुगू, शाळेत मराठी आणि कट्ट्यावर 'काय बे' बोलणाऱ्या मुलाचं पुस्तक पंधराव्या वर्षी वाचायला मिळावं असं मला मनापासून वाटतं. ते त्या वयाच्याच कुणी लिहिलं तर फारच चांगलं. त्यासाठी एखाद्या मराठीच्या शिक्षकाने सहलीचा निबंध देताना एवढंच सांगावं : जेवायला कोण कुठे बसलं होतं, तेही लिहा, त्याचे गुण कापणार नाही.