मागच्या सीटवरून ऐकू आलेली घूंऽऽ

'मागून काहीतरी घूंऽऽ करतंय रे,' आई म्हणाली. शिरवळ नुकतंच मागे पडलं होतं. मी 'टायर जाड आहेत गं' म्हणून गाण्यांचा आवाज वाढवला. ऑफिसातल्या सीनियरकडून घेतलेली सेकंडहँड एसयूव्ही, तिचा ईएमआय नाही म्हणून मी खूश. बाकी माझं मेकॅनिकल ज्ञान पेट्रोल पंपापुरतंच!

परतताना ती घूं मलाही ऐकू यायला लागली. स्पीड वाढला की सूर चढायचा.

नाना पेठेतल्या मिस्त्रींनी बॉनेट उघडलंच नाही. म्हणाले, 'चला, चक्कर मारू.' अ‍ॅक्सिलरेटर दाबला, सोडला, आवाज तोच. गाडी डावीकडे झुकवली, उजवीकडे झुकवली, फरक नाही. 'चाकाचं बेरिंग वाटत नाही. डिफरन्शियलमधलं पिनियनचं असणार.' गॅरेजला येऊन ऑइल काढलं. अगदी थोडं निघालं, आणि त्यात चंदेरी चुरा चमकत होता. बॉस, पोटात गोळा आला.

आता हे डिफरन्शियल म्हणजे काय? वळताना बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. दोन्ही चाकं एकाच दांड्याला घट्ट बांधली तर एक फरफटणारच. डिफरन्शियल दोघांना आपापल्या वेगाने फिरू देतं. माझ्या गाडीत मागच्या अ‍ॅक्सलच्या मधोमध जो फुगीर लोखंडी गोळा दिसतो, तो हाच. आत पिनियन क्राउन व्हीलला फिरवतं आणि फिरवताना बाजूला ढकलतंही. म्हणून इथे तिरप्या रोलरची टेपर बेरिंग लागतात, पिनियनवर दोन आणि क्राउनच्या केसला दोन. हेन्री टिमकेन यांनी १८९८ मध्ये पेटंट घेतलेली हीच ती जात. ती ठरावीक ताणानेच आवळायची. सैल राहिली तर पिनियन हलतं, जास्त आवळली तर तापतात. पिनियन हललं की दातांची बैठक बिघडते आणि मग एखाद्या घाटात दात तुटून मागची चाकं जाम होऊ शकतात. मागच्या सीटवर आई होती, हे मला तेव्हा आठवलं.

ऑइल गेलं कुठे? अ‍ॅक्सलवर बोटाएवढा ब्रीदर असतो. पावसाळ्यात ताम्हिणीच्या चिखलात मी जी हीरोगिरी केली, त्यात तो बुजला. आतली हवा तापून फुगली, तिने सीलमधून ऑइल बाहेर ढकललं. दर सर्व्हिसिंगला मी इंजिन ऑइल बदललं, पण मागच्या ऑइलचं मी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही.

दात वाचले होते. बेरिंग बाहेरच्या रिंगांसकट बदलली (जुन्या रिंगेत नवं बेरिंग घालून पैसे वाचवू नका), सील, स्पेसर नवे. डायल गेज लावून बसवण्यात मिस्त्रींचा अख्खा दिवस गेला.

तुमची गाडी अशी मागच्या चाकांवर चालणारी असेल, तर पार्किंगमध्ये मागे मधोमध डाग पडतोय का बघा. लेव्हलचा बोल्ट उघडायला लावा. ऑइल भोकाच्या खालच्या कडेला टेकलं पाहिजे. दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय. ग्रेड मॅन्युअलमध्ये असतो, बऱ्याचदा जीएल-५, ८० डब्ल्यू-९०. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत डिफरन्शियल गिअरबॉक्सच्याच पोटात असतं, तिथे गिअर ऑइलचं विचारा. इलेक्ट्रिकवाल्यांनी हसू नये, मोटरशेजारच्या गिअरच्या डब्यात तेही घेऊन फिरतात!

पुढच्या महिन्यात कोल्हापूरचा बेत आहे. आईची एकच अट: गाणी हळू लावायची.