तळघरातली पंगत

'एक होता कार्व्हर' या वीणा गवाणकरांच्या पुस्तकामुळे जॉर्ज कार्व्हर आपल्याकडे घरोघर पोचला. भुईमूगवाला शास्त्रज्ञ म्हणून सारे त्याला ओळखतात. पण त्याचे कॉलेजचे दिवसही ऐकण्याजोगे आहेत.

गुलामीत जन्मलेला हा मुलगा १८९१ साली अमेरिकेत, आयोवातल्या एम्सच्या कृषी महाविद्यालयात दाखल झाला. तिथला तो पहिला काळा विद्यार्थी. भोजनगृहात त्याला बसू देईनात. तळघरात शेतगड्यांबरोबर जेवायला लावले. आधीच्या गावच्या ओळखीच्या एक गोऱ्या बाई हे कळताच मुद्दाम आल्या आणि तळघरातच त्याच्या पंगतीला बसल्या! (अशी माणसे सगळीकडे असतात, थोडी असतात.) मग वातावरण निवळले.

पुढे तोच पोरगा कॉलेजच्या लष्करी पथकात कॅप्टन झाला. १८९३ आणि १८९४ साली ख्रिस्ती विद्यार्थ्यांच्या उन्हाळी संमेलनाला प्रतिनिधी म्हणून लेक जिनीव्हाला गेला. चित्रेही छान काढी. सीडर रॅपिड्सच्या प्रदर्शनाला जायला धड कपडे नव्हते, तर मित्रांनीच सूट अन् तिकीट घेऊन दिले. त्यातले युका-निवडुंगाचे चित्र १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात लागले.

१८९६ साली एम. एस. होऊन तो दक्षिणेत टस्कीगीला गेला. तिथल्या जमिनी कापूस घेऊन घेऊन खंगल्या होत्या.