पिवळ्या गुळाची किंमत

वाण्याच्या दुकानात गुळाच्या दोन ढेपा शेजारी शेजारी मांडलेल्या असतात. एक पिवळीधमक, दुसरी काळपट तपकिरी. आपला हात आपसूक कोणत्या ढेपेकडे वळतो? या साध्या सवयीवर कितीतरी गुऱ्हाळांचे भवितव्य अवलंबून असते, हे मात्र आपल्या ध्यानीमनीही नसते.

कोल्हापूरकडचे गुऱ्हाळ म्हणजे शेताच्या बांधावरचा छोटा कारखानाच. घाण्यातून रस निघतो आणि उरलेली चिपाडे उन्हात वाळून चुलाणात जातात. म्हणजे जळणही उसाचेच! राख पुन्हा शेतात पडते. रसातली मळी वर यावी म्हणून रानभेंडीचा चीक घालण्याची जुनी रीत आहे. शंभर किलो उसातून साधारण दहा-बारा किलो गूळ उतरतो. काहील कोणत्या क्षणी उतरवायची, हे गुळव्या नजरेने आणि बोटांनी ओळखतो. पर्यावरणपूरक उद्योगाची भाषा आपण आता शिकलो. गुऱ्हाळाने ती पिढ्यान्‌पिढ्या जगून दाखवली. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसवलेल्या शाहूपुरी पेठेत या गुळाचा व्यापार बहरला. २०१४ मध्ये कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकनही मिळाले.

मग घोडे अडते कुठे? सौद्यात. तिथे रंग पाहून भाव ठरतो. सगळाच पिवळा गूळ रसायनाचा, असे मुळीच नाही. जमीन, उसाची जात आणि मळी काढतानाची निगुती यांवरही रंग ठरतो. पण दर वेळी तो साधतोच असे नाही. मग काहिलीत 'हायड्रॉस' पडते, म्हणजेच सोडियम हायड्रोसल्फाइट. गूळ उजळतो, पण गंधकाचा अंश मागे राहतो. गुळात सल्फर डायऑक्साइड दहा लाखांत ७० भागांपेक्षा जास्त नसावा, असा नियम आहे. तो पाळला गेला की नाही, हे ढेपेकडे पाहून कसे कळणार?

काही गुऱ्हाळवाले आज रसायनाविना गूळ करतात, लहान वड्या पाडतात, काकवी बाटलीत भरून विकतात. कष्ट तेवढेच, किंबहुना जास्त. पण रंग थोडा उतरला की गिऱ्हाईक पाठ फिरवते. प्रामाणिकपणाचा तोटा त्याने एकट्यानेच किती वर्षे सोसायचा?

येत्या संक्रांतीला तिळगुळाचा रंग थोडा सावळा झाला, तर बिघडले कुठे? गोडी तर तीच असणार. दुकानात गेल्यावर एवढेच विचारा, 'हा गूळ रसायनाविना केलेला आहे का?' हा प्रश्न घरोघरी विचारला जाऊ लागला, तर त्याचा आवाज सौद्यापर्यंत पोचल्याशिवाय राहणार नाही.