कबड्डीची रात्र आणि मिनिटांचा हिशेब

पेण-रोह्याच्या पट्ट्यात भातकापणी उरकली की कबड्डीच्या सामन्यांना रंग चढतो. रामवाडीसारख्या गावातील एखाद्या मंडळाने असे सामने भरवावयाचे ठरविले, की पहिली चर्चा होते ती चषकाची, मांडवाची आणि पाहुण्यांची. वेळेचा हिशेब मात्र क्वचितच मांडला जातो.

पुरुषांच्या सामन्यास नियमानुसार २० मिनिटांचे दोन डाव आणि ५ मिनिटांचे मध्यंतर, म्हणजे ४५ मिनिटे लागतात. १६ संघांच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेत १५ सामने होतात. एकाच मैदानावर त्यांना सव्वाअकरा तास हवेत! संध्याकाळी सहाला उद्घाटन झाले आणि सत्कार-भाषणांत एक तास गेला, तर अंतिम सामना सकाळी सव्वासहाला संपणार. त्यातील खेळाडू एकाच रात्रीत चौथ्यांदा मैदानात उतरलेला असतो. थकल्या पायांनी केलेल्या चढाईत त्याचा गुडघा दुखावला, तर ती किंमत कोणत्या जमाखर्चात दाखवावयाची?

तेव्हा दुसरे मैदान आखावे, अथवा स्पर्धा दोन दिवसांत विभागावी. चषकाची उंची थोडी कमी करून प्रथमोपचाराची सोय वाढवावी. खेळाडू धडधाकट घरी परतला, तरच आयोजन यशस्वी झाले असे म्हणावयाचे.