दोन पिढ्या, दोन हिशेब

घरातील ज्येष्ठांच्या बोलण्यात एक तक्रार हमखास असते : आजची मुले कमावतात भरपूर, पण साठवत नाहीत. पहिला पगार हाती पडताच ज्यांनी आवर्ती ठेव सुरू केली, घरात फ्रीजसुद्धा रोख रकमेने आणला आणि ऋण काढून सण करणे कमीपणाचे मानले, त्यांना ही तक्रार करण्याचा अधिकार निश्चितच आहे. तथापि, हा फरक केवळ स्वभावाचा आहे काय?

१९ जुलै १९६९ रोजी १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि बँकेची शाखा सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. पुढील काळात बचतीला व्यवस्थेचेही भक्कम पाठबळ लाभले. १९८६ पासून जानेवारी २००० पर्यंत सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीवर १२ टक्के व्याज मिळत होते. गुंतवलेली रक्कम सुमारे सहा वर्षांत दुप्पट होई. त्या काळी महागाईही चढी होती, हे खरे. परंतु सरकारी नोकरदाराला निवृत्तीनंतर तहहयात निवृत्तिवेतनाची खात्री होती.

तरुण पिढीच्या वाट्याला वेगळी व्यवस्था आली. १ जानेवारी २००४ पासून सशस्त्र दले वगळता केंद्रीय सेवेत रुजू होणाऱ्यांना, तर १ एप्रिल २०१० पासून सरकारी बँकांत येणाऱ्यांना नवी अंशदायी योजना लागू झाली. केंद्रीय कर्मचाऱ्यांना २०२५ मध्ये एकीकृत निवृत्तिवेतन योजनेचा पर्याय मिळाला. बँकांतील तरुणांना मात्र तो नाही. त्यामुळे एकाच शाखेत शेजारी बसणाऱ्या दोन सहकाऱ्यांच्या उतारवयाचे हिशेब भिन्न असू शकतात. त्यातच भविष्य निर्वाह निधीचा व्याजदर एप्रिल २०२० मध्ये ७.१ टक्क्यांवर आला. या दराने रक्कम दुप्पट होण्यास सुमारे दहा वर्षे लागतात.

अशा स्थितीत तरुण म्युच्युअल फंडाकडे वळला, तर तो केवळ हव्यास नव्हे. वडिलांनी निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या निधीतून घर बांधले. मुलगी तिशीतच वीस वर्षांचे गृहकर्ज घेते आणि निवृत्तीपूर्वीच घराची मालकीण होते. दरमहा फेडलेल्या मुद्दलाइतकी तिचीही बचतच होत असते.

मात्र या वाटेवर धोकेही आहेत. २०१६ मध्ये यूपीआय आल्यापासून पैसे हातातून सुटताना जाणवत नाहीत. क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवरील व्याज अनेकदा वर्षाला ३० टक्क्यांहून अधिक पडते. नोकरी गेली तरी हप्ता थांबत नाही. म्हणूनच सहा महिन्यांचा घरखर्च मुदत ठेवीत बाजूला ठेवण्याची शिस्त मागील पिढीकडून घ्यावी, अशीच आहे.

उलट, ज्येष्ठांनीही एक गोष्ट ध्यानी घ्यावी. निवृत्तिवेतन आयुष्यभर येणारच होते. म्हणून आपले म्हातारपण किती वर्षांचे असेल, हे त्यांना मोजावे लागले नाही. त्यांच्या मुलांना मात्र निधी किती जमेल आणि तो किती वर्षे पुरेल, हे दोन्ही आकडे पहिल्या पगारापासूनच मांडावे लागतात.